दप्तरातल्या अकरा चपात्या

ताई, तुमचं पत्र परवा रात्री वाचलं आणि आधी आलेली सगळी पत्रं बाजूला ठेवून तुम्हालाच लिहायला बसलेय, कारण हे थांबण्यातलं प्रकरण नाहीये.

बाकीच्या वाचकांसाठी पत्र थोडक्यात सांगते. ताई सांगलीजवळच्या एका गावात राहतात, घरात मिस्टर, सासूबाई, दहावीतली लेक आणि सातवीतला मुलगा. नववीच्या सुट्टीत आत्या राहायला आलेली, ती सगळ्यांसमोर पोरीला म्हणाली की आता फ्रॉकमध्ये मावेनाशी झालीस, त्यानंतर पोरीने गोड सोडलं, मग तेल, मग भात, मग रात्रीचं जेवण. आधी घरात सगळ्यांनी कौतुक केलं, काय कंट्रोल आहे म्हणून. आता चार महिने पाळी नाही, केस मूठ-मूठ गळतायत, ऊन असलं तरी स्वेटर, पहाटे पाचला उठून गच्चीवर दोरीच्या उड्या. पण स्वतः किचनमध्ये तासन् तास, रेसिपीचे रील बघून भावाला केक, बाबांना पुरणपोळी, आणि हिने चमचाभरसुद्धा चाखायचं नाही. गेल्या आठवड्यात दप्तर धुवायला काढलं तर तळाशी कागदात गुंडाळलेल्या अकरा चपात्या, काही बुरसटलेल्या. फॅमिली डॉक्टरांनी भूक वाढायचं टॉनिक आणि पाळी यायच्या गोळ्या दिल्यात. मिस्टर म्हणतात हट्टीपणा आहे, सासूबाई म्हणतात दृष्ट लागलीये, आणि ताई विचारतायत की हे दहावीचं टेन्शन आहे का, माझं काही चुकलं का, हिला खायला कसं घालू, आणि त्या चपात्या सापडल्या हे तिला सांगू की नको.

पत्रात तुम्ही तिचं आधीचं आणि आत्ताचं वजन लिहिलंय ते मी मुद्दाम इथे देत नाहीये. हे सदर पोरीपण वाचतात आणि या आजारात कुणाचाही आकडा दिसला की त्याची स्पर्धा होते, म्हणून.

आता पहिलं काम. उत्तराचं बाकी सगळं नंतर वाचलंत तरी चालेल पण हे आजच करा. ती अभ्यासाला शांत बसली असेल तेव्हा तिच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला तुमची दोन बोटं ठेवा, मोबाईलवर एक मिनिट लावा आणि पूर्ण ६० सेकंद ठोके मोजा. जागी असताना, बसलेली असताना ठोके ५० च्या खाली असतील तर उद्याची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल. उठल्यावर डोळ्यापुढे अंधारी, चक्कर येऊन पडणं, छातीत धडधड किंवा दुखणं, पाणीसुद्धा नको म्हणणं, किंवा जगायचंच नाही असं काही बोलणं, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी. कुणीतरी नक्की सांगेल की खेळाडूंचे ठोके कमीच असतात, ती उड्या मारते ना म्हणून फिट आहे. नाही ताई. पोटात अन्न नसलेल्या शरीराचे ठोके कमी होतात कारण हृदयालाच पुरत नाही, ते बचत करायला लागतं. स्वेटर त्यासाठी, केस त्यासाठी, पाळी बंद त्यासाठी, हातांवर पाठीवर बारीक लव आली असेल तर तीही त्यासाठीच.

आणि ठोके ठीक आले तरी याच आठवड्यात डॉक्टर. मिरज तुम्हाला जवळ आहे, तिथे बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोन्ही मिळतील, दोघांनाही दाखवायचंय. आडून नको, सरळ सांगा की मुलगी सहा-सात महिने जेवण टाळतेय, वजन इतकं उतरलंय, पाळी नाही, आम्हाला अ‍ॅनोरेक्सियाची शंका आहे. अ‍ॅनोरेक्सिया म्हणजे जेवण तोडत तोडत उपाशी राहण्याचा मानसिक आजार, आणि हा शब्द तुम्हीच उच्चारा कारण नाहीतर पुन्हा टॉनिक लिहून मिळेल. झोपून आणि उभं राहून ठोके आणि बीपी, ईसीजी, रक्तात साखर, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन, थायरॉइड, एवढं बघाल का असं विचारा. आणि रिपोर्ट सगळे नॉर्मल आले तर सुटकेचा श्वास टाकू नका, या आजारात रक्त बरेच दिवस नॉर्मल येतं, शरीर ते कसंबसं सांभाळत असतं. पाळीच्या गोळ्यांबद्दलही त्यांना विचारा. गोळीने रक्तस्राव होतो खरा पण म्हणजे शरीर सावरलं असं नसतं, आणि या वयात जी हाडं भरायची असतात ती गोळीने भरत नाहीत, जेवणानेच भरतात. नुसती गोळी घेऊन पाळी आली की घरच्यांना वाटतं झालं बरं, त्याचीच मला भीती वाटते.

टॉनिकचं सांगते. भूक तिला लागतेच. अ‍ॅनोरेक्सिया या नावाचा अर्थच भूक नसणं असा आहे आणि ते नावच चुकलेलं आहे, कारण ही मुलं रात्रंदिवस भुकेली असतात, त्यांना भुकेची भीती वाटत असते. टॉनिकने ती भीती कशी जाणार.

तुम्ही लिहिलंय की स्वतः खात नाही पण सगळ्यांना करून घालते, हे कोडं सुटत नाही. याचं उत्तर मला ज्यात मिळालं ते सांगते. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं तेव्हा, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धात बंदूक धरायला नकार दिलेली ही मुलं, उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खायला कसं घालायचं हे कळावं म्हणून स्वतःहून तयार झालेली, शरीराने आणि मनाने ठणठणीत अशी निवडलेली. सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं, वजन साधारण चौथा हिस्सा उतरलं. आणि काय झालं, तर ही पुरुष मंडळी पाककृतींची पुस्तकं वाचायला लागली, रेसिपी जमवायला लागली, एक ताट तासभर चिवडत बसायची, थंडीने कुडकुडायची, चिडचिडी झाली, मित्रांत मन लागेना, कशात रस राहीना, डोक्यात फक्त अन्न. त्यातल्या कुणालाही आत्याने जाड म्हटलं नव्हतं ताई. त्यांना आरसा नको होता, रील नव्हते, दहावी नव्हती. फक्त पोट उपाशी होतं आणि उपाशी मेंदू असाच वागतो.

तुमची लेक पुरणपोळी लाटत उभी असते ना, पुरण घोटताना वास घेते, बोटाला लागलेलं धुऊन टाकते आणि भावाने किती खाल्ल्या ते मोजते, ती त्या ३६ जणांसारखीच वागतेय. हट्टी पोर असं वागत नाही, उपाशी पोर असं वागते. सुरुवात कशाने का झाली असेना, आत्या, वर्गातल्या मुली, दहावीचं टेन्शन, पण आता उपासमार स्वतःच आजाराला खायला घालतेय, जितकं कमी खाल्लं तितकी भीती जास्त, भीती जास्त म्हणून आणखी कमी. म्हणून तिला पटवून, समजावून, शपथा घालून काही होणार नाही, पटायला जो मेंदू लागतो त्यालाच खायला मिळालेलं नाही. आधी अन्न, मग समजूत. हे उलटं करायला गेलं की महिने जातात.

माझं काही चुकलं का, असं तुम्ही विचारलंय. १८७३ च्या सुमाराला लंडनच्या विल्यम गल नावाच्या डॉक्टरांनी या आजाराला हे नाव दिलं, त्यांनी अशा मुलींना ठराविक वेळाने खायला घाला हे बरोबर सांगितलं, पण सोबत असंही म्हटलं की घरचे लोक हे सगळ्यात वाईट शुश्रूषा करणारे. पुढे शंभरेक वर्षं आयांवर खापर फुटत राहिलं. आज चित्र वेगळं आहे, जुळ्यांवरच्या अभ्यासातून दिसलंय की आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, आणि किशोरवयीन मुलांसाठी ज्या उपचाराला सगळ्यात चांगला पुरावा आहे त्यात आईवडीलच मुख्य काम करतात. हा उपचार १९८० च्या दशकात लंडनच्याच मॉड्सली हॉस्पिटलमध्ये आकाराला आला. त्यात आईबाप म्हणजे आजाराचं कारण असं धरतच नाहीत, मुलीकडे सध्या नसलेली ताकद उसनी द्यायला ते आहेत असं धरतात. सुरुवातीला खाण्याचा सगळा कारभार आईबापांच्या हातात, वजन सावरलं की हळूहळू तिच्या हातात परत, आणि शेवटी तिच्या वयाचे बाकीचे प्रश्न. सहा महिने ते वर्ष लागतं, कधी जास्तही. आत्याचं बोलणं लागलं असणार, ते तिला स्पष्ट सांगायला हवं की या घरात कुणाच्या अंगावर बोलायचं नाही, पण आत्याला गुन्हेगार करून तुमची लेक बरी होणार नाही.

मी हे इतक्या पोटतिडकीने का लिहितेय तेही सांगते. माझी धाकटी बहीण. ९० च्या दशकात, तालुक्याच्या गावात, आम्हाला कुणालाच हा शब्द माहीत नव्हता. ती रोज शाळेत जाताना डबा कोपऱ्यावरच्या गाईला घालायची आणि अख्खी आळी म्हणायची काय देवभोळी पोर आहे, स्वतःच्या तोंडचा घास गाईला देते. आईला अभिमान वाटायचा. मलाही. एकदा तिच्यामागून चालत होते, ती खाली वाकून डबा उपडा करत होती आणि तिचे हात थरथरत होते, चपातीकडे बघत होती गाईकडे नाही, आणि मी तेव्हा सतरा वर्षांची, मला राग आला, मी घरी जाऊन सांगितलं की ही खोटारडी आहे. दाखवलं तेव्हा एका मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की लग्न झालं की सगळं ठीक होईल. ती चौदा वर्षांची होती. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी आईला समोर बसवून सांगितलं की तुम्ही हिच्या ताटाशी बसायचं, रोज, ती रडली तरी, आणि आई दोन वर्षं बसली. आज ती स्वतःच्या पोरांबरोबर जेवते. पण मी तिला खोटारडी म्हटलेलं ती विसरलेली नाही, मीही नाही. तुमच्या घरी सातवीतला भाऊ आहे ना, त्याला दोन शब्दांत सांगा की ताई आजारी आहे, तिला काही चिडवायचं नाही आणि तिच्यावर पाळत पण ठेवायची नाही.

आता उपवास. पत्रात एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात पण मला वाटतं निम्मी गोष्ट तिथेच आहे. संकष्टी ती पूर्वीपासून करायची, मग श्रावणात सोमवार आले आणि श्रावण संपला तरी राहिले, मग एकादशी, आता मार्गशीर्षाचे गुरुवार, आणि तुम्ही म्हणता की साबुदाणा तेलकट म्हणून तोही नको, नुसतं पाणी आणि काकडी. आपल्याकडे उपवास म्हटलं की कुणी काही बोलत नाही, उलट मान मिळतो, म्हणून हा आजार आपल्या घरांत उपवासाचं सोवळं नेसून बसतो. पण उपवासाला सोडणं असतं. संकष्टीला चंद्र दिसला की नैवेद्य आणि मोदक, एकादशीला द्वादशीचं पारणं, गुरुवारी संध्याकाळी गोडाचं ताट. तुम्हीच लिहिलंय की चंद्रोदयाला ताट वाढलं की ही झोपलेली असते. ज्या उपवासाला पारणं नाही तो उपवास नव्हे ताई, आजार आहे, आणि हे ओळखायला डॉक्टर लागत नाही, सासूबाई पुरेशा आहेत.

म्हणूनच सासूबाईंना यातून बाजूला काढू नका, त्यांना मोठं काम द्या. दृष्ट काढायची असेल तर काढू द्या, मीठमोहऱ्या ओवाळायला काय जातंय, फक्त त्यानंतर डॉक्टर. आणि या गुरुवारी देवघरात बसून आजीनेच नातीला सांगायचं, की आजारी माणसाला आणि वाढत्या पोरांना उपवास नसतो, तुझे सगळे उपवास आजपासून मी माझ्याकडे घेतले, तू बरी होईपर्यंत मी धरीन. आईने सांगितलं तर भांडण होईल, आजीने देवासमोर सांगितलं तर तिला आतून एक परवानगी मिळेल. मी एकदोन घरांत हे होताना बघितलंय, त्यातली एक मुलगी आधी चिडली आणि मग ढसाढसा रडली.

बरं, आता ताट. आधी एक सावधगिरी, आणि ही नीट वाचा. बरेच दिवस फारच कमी खाल्लेल्या पोरीला पहिल्याच दिवशी भरभरून खायला घालायचं नाही. उपाशी शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट झपकन खाली येतं, पोटॅशियम मॅग्नेशियमही, आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून किती पासून सुरू करायचं आणि कधी वाढवायचं हे डॉक्टरांना विचारून, पहिले दहापंधरा दिवस रक्त तपासत तपासत. त्यांनी अ‍ॅडमिट करायला सांगितलं तर घाबरू नका आणि दहावी आहे म्हणून नकोही म्हणू नका.

घरी आल्यावर दिवसात तीन जेवणं आणि मधे दोन-तीन वेळा खाणं, वेळा घड्याळाप्रमाणे. काय आणि किती हे तुम्ही आणि मिस्टर ठरवणार, तिला विचारायचं नाही. काय खाशील, थोडं घेतेस का, निदान अर्धी, हे प्रश्न बंद. तिच्यासाठी प्रत्येक प्रश्न म्हणजे डोक्यातल्या खाऊ नको म्हणणाऱ्या आवाजाशी नवी लढाई, तुम्ही ठरवलंत की तिला तेवढं तरी सुटल्यासारखं होतं, वरून ती कितीही आदळआपट करो. किचनमध्ये तिने यायचं नाही सध्या, रेसिपी बिसिपी सगळं बंद, तुम्ही वाढलेलं ताट समोर येणार. वेगळं पथ्याचं काही नको, घरचंच, वरणभात आणि वर तूप, चपातीला तूप लावलेलं, दही, शेंगदाण्याची चटणी, थालीपीठ लोणी, दूध, शिरा. तिच्या पोटाला कमी मावतं, उपाशी राहून पोट सावकाश चालतं, थोड्यात गच्च होतं, गॅस होतात, हे ती खरं सांगतेय, म्हणून ढीगभर भाजीकाकडीपेक्षा थोड्यात जास्त ताकद असलेलं.

ताट वाढलं की तुमच्यापैकी एकाने शेजारी बसायचं, समोर नको, शेजारी, आणि स्वतःही जेवायचं. फोन लांब. शाळा, शेजारी, मांजर, टीव्हीवरचं काही, अन्न सोडून कशावरही बोला. ती म्हणेल की मला पोट दुखतंय, मी मघाशी खाल्लं, तू मला जाड करायला निघालीस, मी तुझी मुलगीच नाही. यातल्या कशालाही उत्तर द्यायचं नाही आणि तूप किती घातलं याचा हिशोब तर मुळीच नाही. एवढंच म्हणायचं की मला माहितीये तुला खूप भीती वाटतेय, मी कुठे जात नाहीये, पुढचा घास घे. पुन्हा तेच. आणि पुन्हा. आवाज तोच. अर्ध्यापाऊण तासात नाही संपलं तर ताट उचला, भांडू नका, राहिलेल्याच्या बदल्यात दूध द्या, आणि पुढच्या वेळेला पुन्हा बसा. जेवल्यावर तासभर सोबत, पत्ते खेळा, स्वेटर विणा, काहीही, पण बाथरूमला लगेच एकटी नको. अजून उलट्यांचं काही दिसलं नाही असं तुम्ही लिहिलंय, चांगलंय, पण लक्ष असू द्या, काही मुलींमध्ये पुढे तो प्रकार सुरू होतो, त्याने पोटॅशियम उतरतं आणि दातांचं वरचं कवच झिजतं, बोटांच्या सांध्यांवर घट्टे दिसतात, कानाखाली गाल सुजतात. एकदम खूप खायचं आणि मग उलटी काढायची, असं पुन्हा पुन्हा होतं त्याला बुलिमिया म्हणतात, तो अ‍ॅनोरेक्सिया नसतानाही होतो, वजन नॉर्मल असताना होतो, म्हणून कुणाला कळत नाही. प्रिन्सेस डायनाला होता, १९९५ च्या टीव्ही मुलाखतीत तिने स्वतः सांगितलं होतं.

गच्चीला कुलूप. वजनकाटा घरात असेल तर बाहेर, वजन फक्त डॉक्टरांकडे. शाळेत पीटी बंद, डॉक्टरांकडून तसं लिहून घ्या.

मिस्टरांना माझा निरोप द्या की तुमच्याशिवाय हे होणार नाही. आई वाढणार आणि बाबा म्हणणार जाऊ दे एक दिवस, असं झालं की आजार त्या फटीतून निसटतो. पहिले पंधरा दिवस एकाने तरी रजा टाका. कॅन्सर झाला असता तर टाकली असतीत ना? मानसिक आजारांत जिवाला सगळ्यात जास्त धोका असलेल्या आजारांपैकी हा एक आहे, घाबरवायला नाही सांगत, रजेचा अर्ज लिहायला सोपं जावं म्हणून सांगतेय. आणि दहावी. पुढच्या वर्षीही बोर्डाची परीक्षा असते. तुमचं हे वाक्य मी दोनदा वाचलं की इतकी हुशार आहे, ९५ टक्क्यांच्या खाली येत नाही. हो, बहुतेक वेळा अशाच मुलींना होतो, नीटनेटक्या, शिस्तीच्या, कुणाला न दुखावणाऱ्या. डॉक्टर म्हणाले वर्ष थांबा तर थांबा.

बोलताना एक सांभाळा. ती जरा भरायला लागली की शेजारणी म्हणतील तब्येत सुधारली हो. आपल्याकडे हे प्रेमाने म्हणतात पण तिच्या कानाला ते जाड झालीस असंच ऐकू येणार आणि दोन आठवड्यांची मेहनत त्या एका वाक्यात जाईल. गाल आले, अंग धरलं, छान दिसतेस, काहीच नको. आज तू जोक केलास, आज तुझे हात गरम लागले, असलं बोला. आणि स्वतःच्या पोटाबद्दल, भावाच्या ढेरीबद्दल, लग्नात भेटलेल्या कुणाच्या वजनाबद्दलही घरात बोलणं थांबवा, तुम्हाला अवघड जाईल, आपण सगळे तेच बोलत वाढलोय.

सासूबाई विचारतील की हे शहरातल्या श्रीमंत पोरींचं ना? तर नाही. गावातही होतो, मुलांनाही होतो, तुमच्या भागात कुस्तीला वजनगट गाठायला पाणीसुद्धा सोडणारी पोरं तुम्ही पाहिली असतील, त्यातल्या एखाद्याचं नंतर थांबत नाही. आपल्याकडच्या काही मुली तर जाड व्हायची भीती वाटते असं म्हणतही नाहीत, पोट भरलंय, गॅस होतो, गिळवत नाही एवढंच म्हणतात, मग पोटाच्या डॉक्टरांकडे वर्ष जातं.

पैशाचं तुम्ही लाजत लिहिलंय, लाजू नका. मेडिक्लेम असेल तर विचारा, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात असं आहे की शारीरिक आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायला हवा. आणि रात्री बेरात्री धीर सुटला तर १४४१६ लावा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. औषधांचं म्हणाल तर हा आजार घालवणारी अशी गोळी नाही, सोबत डिप्रेशन किंवा खूप घबराट असेल तर डॉक्टर त्यासाठी देतील, ते द्या, मनाचं औषध म्हणून टाळू नका.

आणि हे तुझ्यासाठी, कारण आईचा मोबाईल तू बघतेस असं आईने लिहिलंय. बाळा, तू खोटारडी नाहीस. आईने शेजारी बसून चमचा पुढे केला की ती तुझी शत्रू वाटेल, तुझं सगळं हातातून चाललंय असं वाटेल, ते वाटणं खरं आहे, पण ते तुझं नाहीये. थंडी वाजत नाही, डोक्यात सकाळपासून रात्रीपर्यंत नुसतं जेवण चालत नाही, मैत्रिणीचं बोलणं पूर्ण ऐकू येतं, असे दिवस तुला आठवत असतील. ते परत येतात. माझ्या बहिणीचे आले.

राहिलं तुमचं शेवटचं विचारणं, चपात्यांचं. सांगा, ताई. लपवू नका, पण चिडून समोर ठेवूही नका आणि मिस्टरांसमोर किंवा भावासमोर तर नकोच. दप्तर धुऊन वाळवून तिच्या जागेवर ठेवा, रात्री ती पडल्यावर तिच्याजवळ जाऊन पडा, दिवा बंद असू दे म्हणजे तिला तुमच्या तोंडाकडे बघायला लागणार नाही, आणि म्हणा की चपात्या मला सापडल्या, मी रागावले नाहीये, तुला किती दिवस एकटीला हे वागवावं लागलं याचं मला वाईट वाटतंय. उद्यापासून डबा तू न्यायचा नाहीस. मी बाईंशी बोललेय, मधल्या सुट्टीत मी डबा घेऊन शाळेत येणार, आपण दोघी स्टाफरूमशेजारच्या खोलीत बसून खाणार. ती पाठ फिरवेल, बोलणार नाही. तुम्ही तिथेच झोपा.